अर्ज न करता मिळालेला पुरस्कार, आणि इतर प्रश्न

उद्योगविषयक प्रश्नोत्तरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत या वेळी उद्योग-पुरस्कारांविषयीचे प्रश्न एवढे होते की संपूर्ण सदर त्यांनाच देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत, आणि नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न (फैजपूर) : आम्ही पती-पत्नी केळीचे वेफर्स बनवतो. सात कामगार आहेत. मागील आठवड्यात दिल्लीहून फोन आला की आमच्या उद्योगाची एका ‘राष्ट्रीय’ उत्कृष्टता पुरस्कारासाठी निवड झाली आहे. सोहळा पंचतारांकित हॉटेलात असून एका चित्रपट अभिनेत्याच्या हस्ते ट्रॉफी मिळेल, त्यासाठी ३५,००० रुपये अधिक जीएसटी तीन दिवसांत भरावे, असे सांगण्यात आले. आम्ही कुठेही अर्ज केला नव्हता. घरात दोन मते आहेत. काय करावे?

उत्तर : पैसे भरू नयेत, आणि तीन दिवसांची मुदत तर मुळीच मनावर घेऊ नये. निवड म्हटली की तुलना आली, आणि तुलनेसाठी माहिती लागते. आपला ताळेबंद, उलाढाल, ग्राहकांच्या तक्रारी यांपैकी एकही कागद ज्यांनी मागितला नाही आणि ज्यांनी आपल्या वेफर्सचे पाकीटही बहुधा फोडलेले नाही, त्यांनी ही निवड कशाच्या आधारे केली, हे घरातील दोन्ही मतांनी एकमेकांना विचारून पाहावे. एखाद्या व्यापारी सूचीवरून किंवा प्रदर्शनात वाटलेल्या कार्डांवरून जमवलेल्या फोन क्रमांकांत आपला क्रमांक होता, एवढाच त्या निवडीचा अर्थ असण्याची शक्यता मोठी आहे.

यात कायद्याच्या अर्थाने फसवणूक असतेच असे नाही, आणि म्हणूनच हा प्रकार ओळखणे जड जाते. सोहळा खरोखर होतो, पाहुणे येतात, ट्रॉफी हातात पडते, छायाचित्रही मिळते. मात्र या सगळ्याचा खर्च आणि आयोजकांचा नफा पुरस्कार घेणाऱ्यांच्याच खिशातून निघत असल्यामुळे पैसे भरणाऱ्याला नाकारण्याचे आयोजकांना काहीच कारण उरत नाही. हा जाहिरातखर्च समजून करायचा असेल तर तो आपला व्यवहाराचा निर्णय आहे. तरीही तेवढ्याच रकमेत वेफर्स किती दिवस टिकतात याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील तपासणी, पाकिटावरील पोषणमूल्यांचा तक्ता आणि एखाद्या खाद्यप्रदर्शनातील लहानशी जागा यांपैकी काय काय बसते, याचा हिशेब आधी मांडावा. मोठ्या दुकानांचा खरेदी अधिकारी ट्रॉफीकडे कौतुकाने पाहतो, पण मागतो तो प्रयोगशाळेचा अहवालच.

शुल्क घेतले म्हणजे पुरस्कार खोटा, असाही निष्कर्ष काढू नये. अनेक व्यापारी आणि क्षेत्रीय संघटना अर्जासोबत प्रवेशशुल्क घेतात. ते आधी जाहीर केलेले असते, सर्व अर्जदारांना सारखे असते, आणि निकाल काहीही लागला तरी ते परत मिळत नाही. विचारायचे ते इतकेच की पैसे निकालाच्या आधी मागितले की नंतर, आणि पैसे न भरल्यास निकाल बदलतो का. हे आयोजकांना ई-मेलने लेखी विचारावे. त्याच पत्रात निकष काय होते, परीक्षक कोण होते, एकूण किती गटांत किती पुरस्कार दिले जाणार आहेत आणि गेल्या वर्षीचे विजेते कोण होते, हेही विचारावे, आणि विजेत्यांची यादी मिळाल्यास त्यांपैकी दोघांना स्वतः फोन करावा. शंभर गट आणि शंभर विजेते असतील, तर परीक्षकांना काम काय उरले असेल याची कल्पना यावी.

‘राष्ट्रीय’, ‘भारत’, ‘इंडिया’ या शब्दांनी दबून जाऊ नये. भारत सरकारचा आश्रय सूचित करणारी नावे आणि राजमुद्रा व्यापारासाठी वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याने निर्बंध घातले आहेत. तरीही सरकारी वाटेल असे नाव घेणारे खासगी आयोजक आढळतात, आणि प्रमुख पाहुणे म्हणून एखादे मंत्री येऊन गेले म्हणून तो पुरस्कार सरकारी ठरत नाही. खात्री करायची असल्यास जळगावच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारणे सर्वांत सोपे आहे.

प्रश्न (जळगाव, औद्योगिक वसाहत) : आमचा ठिबक सिंचनाचे सुटे भाग तयार करण्याचा कारखाना आहे. आमच्यासारख्या लहान उद्योगाने नेमके कोणत्या पुरस्कारांसाठी प्रयत्न करावेत?

उत्तर : सर्वप्रथम आपली उद्यम नोंदणी तपासावी. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली, ती पूर्णतः विनाशुल्क आहे, आणि सूक्ष्म, लघू, मध्यम यांपैकी आपण कोणत्या गटात मोडता हे तिच्यावरूनच ठरते. या गटांच्या मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असल्यास उद्योग सूक्ष्म गटात येतो, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघू, तर १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. काही वर्षांपूर्वी लघू असलेले अनेक कारखाने या बदलामुळे सूक्ष्म गटात आले आहेत. जुन्या प्रमाणपत्रावर विसंबून चुकीच्या गटात अर्ज केल्यास तो छाननीतच बाद होतो, किंवा आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या उद्योगांशी आपली गाठ पडते.

माझ्या मते सुरुवात जिल्ह्यापासून करावी. राज्याच्या उद्योग संचालनालयातर्फे लघुउद्योजकांसाठी जिल्हा पुरस्कार योजना राबवली जाते आणि तिचे काम जिल्हा उद्योग केंद्रामार्फत चालते. रोख रक्कम मोठी नसते. पण स्पर्धा आपल्याच जिल्ह्यातील उद्योगांशी असते आणि अर्ज मराठीत समजावून घेता येतो. शिवाय उद्योग काही वर्षे सलग उत्पादनात आहे, बँकेची थकबाकी नाही, अशा गोष्टी तेथे कागदोपत्री दाखवाव्या लागत असल्याने पुढच्या पायरीची निम्मी कागदपत्रे आपोआप तयार होतात. त्यानंतर केंद्रीय सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या राष्ट्रीय पुरस्कारांचा विचार करावा. निर्यात असल्यास राज्य शासनाचे निर्यात पुरस्कार आणि आपल्या मालाच्या निर्यात परिषदेचे पुरस्कार आहेत. विजेची बचत हे आपले खरेच ठळक काम असेल, तर महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेचे राज्यस्तरीय पुरस्कार आणि केंद्राचे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन पुरस्कार आहेत. नंतरचे १९९१ पासून दिले जातात आणि १४ डिसेंबरच्या ऊर्जा संवर्धन दिनी त्यांचे वितरण होते.

एका गोष्टीचा उल्लेख येथेच करतो, जी पुरस्कार नसूनही पुरस्काराची उत्तम पूर्वतयारी आहे. केंद्र सरकारची ‘झेड’ प्रमाणन योजना, म्हणजे उत्पादनात दोष शून्य आणि पर्यावरणावर दुष्परिणाम शून्य हे उद्दिष्ट ठेवणारी योजना, ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा तीन पातळ्यांवर प्रमाणपत्र देते. तिचे शुल्क अनुक्रमे १०,०००, ४०,००० आणि ९०,००० रुपये असून त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघूला ६० टक्के आणि मध्यमला ५० टक्के अनुदान आहे. महिलांच्या मालकीच्या उद्योगांना तर संपूर्ण शुल्क माफ आहे. येथे कोणाला हरवायचे नसते, ठरलेली पातळी गाठायची असते. ज्यांना आपल्या कारखान्यात काय मोजावे हेच सुचत नाही, त्यांनी त्यातील निकष एकदा वाचावेत. नंतर बहुतेक पुरस्कारांचे अर्ज ओळखीचे वाटू लागतात.

प्रश्न (धुळे) : आम्ही पेरणी यंत्रे आणि इतर शेती अवजारे बनवतो. एका पुरस्काराच्या अर्जात ‘आपल्या उद्योगातील नावीन्याचे वर्णन ५०० शब्दांत करा’ असे आहे. आम्ही लोखंडाचे काम करणारी माणसे. आमच्याकडे ना प्रयोगशाळा, ना लिहिणारा माणूस. एका सल्लागाराने अर्ज लिहून देण्याची तयारी दाखवली आहे. त्याला काम द्यावे का?

उत्तर : प्रश्नाचा पहिला भाग अधिक महत्त्वाचा असल्याने तो आधी घेतो. नावीन्य म्हणजे पेटंट किंवा संगणक असा समज अर्जदारांत फार पक्का आहे, परीक्षकांत तो तितकासा नसतो. आपल्याच खान्देशातील उदाहरण घ्यावे. पुढे ठिबक सिंचनासाठी नावाजलेल्या जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये जळगाव येथे केळीची भुकटी करणारा जुना कारखाना घेतला आणि त्यात फेरफार करून पपईच्या चिकापासून पपेन हे विकर (एन्झाइम) काढण्यास सुरुवात केली. यंत्रे जुनी होती, पपई शेतात होतीच. नवी होती ती दोहोंची सांगड. सिंचनक्षेत्रातील कामासाठी त्यांना अमेरिकेचा क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार १९९७ मध्ये मिळाला आणि पद्मश्री २००८ मध्ये. आपल्या कार्यशाळेतही अशी एखादी सांगड असणार. शेतकऱ्याने तक्रार केली म्हणून बदललेला एखादा सांधा, वाया जाणाऱ्या पत्र्याच्या तुकड्यांतून काढलेला एखादा भाग. रोजचे असल्यामुळे ते आपल्याला सांगण्यासारखे वाटत नाही, एवढेच.

आता ते लिहायचे कसे. बहुतेक अर्जांत पुढील अर्थाचे वाक्य असते : ‘आमचा उद्योग गुणवत्ता, सचोटी आणि ग्राहकांचे समाधान यांवर उभा असून आम्ही सातत्याने नावीन्याचा ध्यास घेतला आहे.’ हे वाक्य खोटे नसेल, पण ते साबणाच्या कारखान्यालाही लागू पडते आणि शिकवणी वर्गालाही. परीक्षकाने ते त्या दिवसात अनेकदा वाचलेले असते. त्याऐवजी असे लिहून पाहावे, आणि यातील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत हे लक्षात घ्यावे : ‘एका खरिपात विकलेल्या १०० पेरणी यंत्रांपैकी १४ यंत्रांची बियाणे सोडणारी चकती त्याच हंगामात बदलून द्यावी लागली. चकतीची भोके हाताने पाडली जात असल्याने मापात फरक पडतो, असे तपासणीत दिसले. १८,००० रुपये खर्चून भोके ठरलेल्या जागीच पडावीत म्हणून जिग, म्हणजे मार्गदर्शक साचा, तयार केले. पुढील खरिपात १२० यंत्रांपैकी तीनच यंत्रांची चकती बदलावी लागली. बदलून दिलेल्या भागांची नोंदवही सोबत जोडली आहे.’ यात एकही विशेषण नाही. अडचण काय होती, ती कशामुळे होती, काय केले, किती खर्च आला, आधी किती आणि नंतर किती, आणि हे खरे असल्याचा कागद कोणता, हे सारे त्यात आले आहे. शिवाय एकूण यंत्रे किती हे सांगितल्याशिवाय ‘तक्रारी तीनवर आल्या’ याला अर्थ नसतो, कारण विक्रीच घटली असेल तर तक्रारीही घटतात. अनुभवी परीक्षकाची नजर सर्वांत आधी तेथेच जाते.

अडचण अशी की बहुतेक लहान उद्योगांत ‘आधी किती’ हा आकडा लिहून ठेवलेलाच नसतो. त्यावर अर्ज भरतानाचा कोणताही उपाय चालत नाही. म्हणून या वर्षी अर्ज करणार नसाल तरीही येत्या एप्रिलपासून मोजक्या गोष्टींची दरमहा नोंद सुरू करावी : तयार केलेले नग, फेरकामाला गेलेले नग, परत आलेले किंवा बदलून दिलेले भाग, एका नगामागे लागलेली वीज, ठरल्या तारखेला रवाना झालेल्या मालाचे प्रमाण, आणि कामगारांची गळती. वीज बिल, जॉबकार्ड आणि जीएसटीची विवरणपत्रे यांतून यातील बरेचसे मागील काळासाठीही काढता येते, पण आठवणीवरून आकडे रचू नयेत. परीक्षक कारखाना पाहण्यासाठी आले की त्यांचा पहिला प्रश्न मालकाला नसतो, यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला असतो. ‘जिग आल्यावर काय फरक पडला?’ या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर अर्जाशी जुळले नाही, तर मालकाने नंतर कितीही समजावले तरी गेलेले गुण परत येत नाहीत.

लिहिताना गुणांचे वाटप पाहून लिहावे. ज्या मुद्द्याला १०० पैकी ३० गुण आहेत त्यावर दोन ओळी आणि संस्थापकांच्या जीवनप्रवासावर पूर्ण पान, असे अर्ज फार येतात. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या शेडमध्ये एका लेथवर सुरुवात झाली ही हकीकत आपल्या दृष्टीने मोलाची आहे, परंतु तिच्यासाठी चौकट नसेल तर एका वाक्यात आटोपावी. प्रथम सर्व मजकूर मराठीत, आपण बोलता तसा लिहावा, कार्यशाळेतील फोरमन आणि हिशेब पाहणारा माणूस या दोघांना वाचायला द्यावा, आणि मगच इंग्रजीत करून घ्यावा. इंग्रजीत विचार करून लिहिलेले अर्ज बहुतेक वेळा त्या गुणवत्ता-सचोटीच्या वाक्याकडेच घसरतात.

आता सल्लागाराविषयी. भाषा नीट करणे, कागद लावणे, अर्ज वेळेत सादर करणे या कामांसाठी ठरावीक मोबदला देऊन मदत घेण्यास हरकत नाही. मात्र जो कारखान्यात न येता अर्ज लिहून देतो, पुरस्काराची खात्री देतो, किंवा ‘मिळाल्यावर इतके टक्के’ अशी बोली करतो, त्याला काम देऊ नये. खात्री देणाऱ्याकडे एक तर खोटे बोलण्याचे धाडस असते, नाही तर आयोजकांशी साटेलोटे. दोन्ही बाबतींत अर्जाखाली सही आपली असते.

प्रश्न (नंदुरबार) : आमचा अकरा महिलांचा बचत गट आहे. पथारीवरून, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागेवरून, वाळलेली मिरची घेऊन आम्ही तिखट तयार करून विकतो. आमच्याकडे सी.ए.ने केलेला ताळेबंद नाही. आम्हाला अर्ज करता येईल का?

उत्तर : ताई, जेथे लेखापरीक्षित हिशेबाची अट स्पष्ट लिहिलेली आहे तेथे ती टाळता येणार नाही. पण सगळीकडे ती नसते, आणि आपल्या गटाकडे आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच कागद आहेत. बैठकीची इतिवृत्त वही, रोकडवही, बँकेचे पासबुक, कर्जफेडीचा उतारा आणि मिरची खरेदीच्या पावत्या एवढ्यावर दोन वर्षांचे जमा-खर्च पत्रक तयार करून मिळते. त्यासाठी ‘उमेद’ या बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या तालुका कक्षाची मदत मागावी. उद्यम नोंदणी बचत गटाच्या नावानेही करता येते. पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक असणे मात्र आवश्यक आहे. तो नसताना खाद्यपदार्थाच्या कोणत्याही पुरस्कारासाठी अर्ज करणे म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणे होय.

महिला उद्योजकांच्या गटात परीक्षक एक गोष्ट हमखास पाहतात, ती अशी की निर्णय खरोखर महिला घेतात का. मिरचीचा भाव कोण ठरवते, बँकेत सही कोणाची चालते, उधारी वसूल करायला कोण जाते, हे इतिवृत्तातून दाखवता आले, तर आपला अर्ज केवळ कागदावर पत्नीचे नाव असलेल्या अनेक मोठ्या उद्योगांपेक्षा सरस ठरू शकतो.

प्रश्न (अमळनेर) : अर्जात प्रमुख ग्राहकांची नावे, नफ्याचे प्रमाण आणि उत्पादनाची प्रक्रिया विचारली आहे. परीक्षकांमध्ये आमच्याच धंद्यातील माणूस असला तर?

उत्तर : शंका रास्त आहे. आयोजकांकडे परीक्षकांच्या हितसंबंधांविषयी काय नियम आहे आणि अर्जातील माहिती कोण कोण पाहते, हे लेखी विचारावे. चांगल्या संस्था गोपनीयतेचे पत्र देतात. ग्राहकांची नावे ‘ग्राहक अ’, ‘ग्राहक ब’ अशी देता येतात, आणि रकमांऐवजी पहिले वर्ष १०० धरून पुढील वर्षांची वाढ दाखवली तरी बहुतेक ठिकाणी चालते. उलाढाल मात्र लपवण्यात फारसा अर्थ नाही. आपली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर तिचा ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून कोणालाही पाहता येतो.

प्रक्रियेबाबत अधिक सावध राहावे. एखादी गोष्ट पेटंट करण्याचा विचार असल्यास तो अर्ज आधी दाखल करावा आणि मगच पुरस्काराच्या अर्जात तिचे वर्णन द्यावे, कारण शोध आधीच जाहीर झाला तर त्याचे नवेपण धोक्यात येते. विजेत्यांच्या यशकथा प्रसिद्ध करण्याचा अधिकार आयोजकांना देणारे कलम अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरांत असते. ते वाचल्याशिवाय सही करू नये.

प्रश्न (चोपडा) : सलग दोनदा अर्ज केला, एकदाही पुरस्कार मिळाला नाही. पुन्हा अर्ज करावा का?

उत्तर : आपल्या अर्जावर परीक्षकांचा अभिप्राय मिळतो का, हे प्रथम विचारावे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने सुरू झालेल्या बाल्ड्रिज या गुणवत्ता पुरस्काराची ख्याती विजेत्यांइतकीच तेथील अभिप्राय-अहवालांमुळे झाली आहे. अर्ज करणाऱ्या प्रत्येक संस्थेला तिची बलस्थाने आणि उणिवा लेखी कळवल्या जात, आणि अनेक संस्था केवळ त्या अहवालासाठी अर्ज करत. तेथील १,००० गुणांपैकी ४५० च्या आसपास गुण प्रत्यक्ष निकालांसाठी असत, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जपानचा डेमिंग हा गुणवत्ता पुरस्कार १९५१ पासून दिला जातो आणि त्यात तर स्पर्धाच नसते; ठरलेली पातळी जे गाठतील त्या सर्वांना तो मिळतो. भारतातील सुंदरम-क्लेटन या कंपनीच्या ब्रेक विभागाने १९९८ मध्ये तो मिळवला.

आपल्याकडे अभिप्राय देणारे आयोजक कमी आहेत. तेव्हा ज्यांना पुरस्कार मिळाला त्यांचा कारखाना पाहण्याची विनंती करावी. खान्देशात अशी विनंती सहसा कोणी मोडत नाही. चहा तर मिळतोच, बहुतेक वेळा अर्जाची प्रतही दाखवली जाते. आपल्या आकड्यांत दोन वर्षांत काही बदल झाला असेल तर तिसरा अर्ज करावा. तोच अर्ज नव्या तारखेने पाठवायचा असेल तर एक वर्ष थांबणे बरे.

प्रश्न (शिरपूर) : आम्हाला दोन वर्षांपूर्वी एक चांगला पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रात छायाचित्र आले, सत्कार झाले, पण धंद्यात काहीच फरक पडला नाही. आमचे काही चुकले का?

उत्तर : अपेक्षा थोडी चुकली असावी. पुरस्कारामुळे बँक व्याजदर कमी करत नाही, आणि निविदेत दराच्या स्पर्धेतून सूटही मिळत नाही. त्याचा उपयोग होतो तो अनोळखी ग्राहकाच्या मनातील पहिली शंका दूर करण्यासाठी, आणि तोही आपण तो त्याच्यापर्यंत पोहोचवला तर. नवीन ग्राहकाला पाठवायच्या दरपत्रकासोबत पुरस्काराचे प्रमाणपत्र आणि ज्या कामासाठी तो मिळाला त्या कामाचे एक पानी वर्णन जोडावे. ट्रॉफीच्या छायाचित्रापेक्षा ते पान अधिक वाचले जाते. अर्जासाठी जमवलेले आकडे बँकेच्या कर्जप्रस्तावात, मोठ्या कंपनीच्या पुरवठादार-नोंदणीत आणि नव्या कामगाराला कामाची पद्धत समजावण्यात जसेच्या तसे वापरता येतात. माझ्या पाहण्यात तरी पुरस्काराची खरी मिळकत तीच आहे. कामगारांना त्या सोहळ्याला नेले होते का, हेही विचारावेसे वाटते. नेले नसल्यास निदान त्यांची नावे असलेली प्रत कारखान्याच्या दर्शनी भागात लावावी.

जाहिरातीत वापर करताना पुरस्काराचे पूर्ण नाव, देणारी संस्था, गट आणि वर्ष हे चारही लिहावे. ‘पुरस्कारप्राप्त’ एवढेच छापणे, किंवा एका उत्पादनाला मिळालेला मान सर्व उत्पादनांच्या पाकिटांवर मिरवणे योग्य नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने पुरस्कार आणि क्रमवारी यांच्या जाहिरातीतील वापरासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, आणि तीच चूक पुन्हा झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. फैजपूरच्या वाचकांना आलेल्या फोनसारख्या मार्गाने मिळालेली ट्रॉफी पाकिटावर छापणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

प्रश्न (पाचोरा) : एका संस्थेने वडिलांना ‘उद्योगरत्न’ दिले. दुकानाच्या पाटीवर नावाआधी तसे लिहावे का?

उत्तर : लिहू नये, असे माझे मत आहे. राज्य शासनानेही ‘उद्योगरत्न’ या नावाचा पुरस्कार २०२३ मध्ये सुरू केला आणि पहिला मान रतन टाटा यांना दिला. तेव्हा पाटी वाचणाऱ्याचा गैरसमज होणे अटळ आहे, आणि तो दूर झाल्यावर होणारा संकोच वडिलांच्या वाट्याला येतो. पद्म पुरस्कारांसारखे सर्वोच्च राष्ट्रीय सन्मानही नावाच्या मागे-पुढे उपाधी म्हणून लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. दुकानात आत, संस्थेच्या नावासह, मानपत्र लावावे.

प्रश्न (भुसावळ) : पुरस्काराच्या रोख रकमेवर प्राप्तिकर लागतो का?

उत्तर : धंद्याच्या निमित्ताने मिळालेली रक्कम सर्वसाधारणपणे उत्पन्नातच धरली जाते. सरकारने लोकहितार्थ दिलेल्या आणि करमाफीसाठी मान्यता मिळालेल्या पुरस्कारांना सूट आहे. ती आपल्या पुरस्काराला लागू आहे किंवा कसे, हे पुरस्काराच्या पत्रासह आपल्या सी.ए.ना विवरणपत्र भरण्याआधी दाखवावे. प्रवेशशुल्क भरले असल्यास त्याचे जीएसटीसह बिलही त्याच वेळी द्यावे.